आमच्या गावात बाटली आडवी झाली

मंडळी, गोरेगावच्या (मुंबईचं नव्हे, आमच्या बाजाराचं) नेट कॅफेतून लिहितेय. हात अजून गुलालाने लाल आहेत, कॅफेवाल्याने माफ करावं!

आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं का, यासाठी आज फक्त बायकांचं मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीला मत द्यायला हवं होतं.

दुपारपर्यंत शाळेतलं केंद्र रिकामंच. गावातल्या आणि शेजारच्या बंजारा तांड्यावरच्या बायका कापूस वेचायला गेलेल्या. दुकानाच्या बाजूने असलेली माणसं पारावर बसून हसून राहिली होती. मला रडूच आलं.

तेवढ्यात तांड्यावरची जमनाबाई आली. "अशी काहून बसली पोरी? चल वावरात."

आम्ही दोघी बांधाबांधाने फिरलो. "कापूस उद्या बी वेचता येईल, बाटली आजच पाडायची हाय," ती प्रत्येकीला सांगायची.

चार वाजता बायकांची रांगच लागली, ओटीत कापूस तसाच!

संध्याकाळी निकाल लागला. बाटली आडवी!

जमनाबाईचा नवरा शाळेच्या अंगणातल्या कोपऱ्यातून म्हणाला, "आता रोज संध्याकाळी मी काय करू?"

"लेकरायसंग जेवा," ती म्हणाली.

तो चक्क हसला आणि कुणाचं तरी डफडं घेऊन स्वतःच वाजवायला लागला. मग जमनाबाई अशी नाचली, की मतपेटी घेऊन निघालेले साहेबही थांबले.

तुमच्या गावात अशा कामाला बायकांना कोण उठवतं? सांगा ना, आज मला सगळ्यांच्या गोष्टी ऐकायच्यात.