दाजींची हलकी मोटार

कोणी देवाशी भांडतं, कोणी भावकीशी. माझे दाजी, म्हणजे आमच्या आक्काचे यजमान, आयुष्यभर फक्त वजनाशी भांडले. आधीच सांगून टाकतो, या माणसाच्या बाबतीत मी पक्षपाती आहे. धारूरला त्यांच्या घरी गेलं की पहिला दिसायचा तो आढ्याला टांगलेला काटा. घरात येणारी प्रत्येक वस्तू त्यावर लटकायची आणि कुठे ना कुठे भोक पाडून घेऊनच स्वयंपाकघरात जायची. आक्काच्या उलथन्याला त्यांनी इतकी भोकं पाडली होती की भाजी उलथताना निम्मी खाली गळायची. आक्का चिडायची, पण शेजारणीनं नावं ठेवली की म्हणायची, "हात दुखत न्हाई माझा, तुमचा दुखतोय का बगा." सायकलचे मडगार्ड, कॅरिअर, स्टँड सगळं काढून टाकल्यावर दाजींनी घंटीही काढली. मी म्हटलं, "दाजी, घंटी काहून काढली?" म्हणाले, "तोंड हाय की. ते तसंबी संगं न्यावंच लागतंय."

साखर कारखान्यात ते फिटर होते. हात असा की बिघडलेला पंप त्यांना पाहूनच सुरू व्हायचा, असं लोक म्हणत. एकदा त्यांना रद्दीत एक विलायती मासिक सापडलं. त्यात कुठल्याशा छोट्या कारखान्यानं शेडमध्ये बनवलेल्या दोन माणसांच्या मोटारीचं चित्र होतं: बुटकी, पिसासारखी हलकी आणि इंजिन पुढेही नाही, मागेही नाही, तर सीटच्या पाठीशी, मधोमध. दाजींना इंग्रजी येत नव्हतं, पण चित्र त्यांना वाचता आलं. मला मात्र काही उमजेना. तेव्हा त्यांनी टँकरपाशी उभ्या असलेल्या बायकांकडे बोट दाखवलं. "ती बगा. घागर कमरंवर हाय म्हून गर्दीतनं कशी झटक्यात वळली. तीच घागर हात लांब करून धरली असती तर? वझं कमरंपाशी पायजे, पाव्हनं." मधल्या इंजिनाचं शास्त्र मला त्या दिवशी कळलं ते कायमचं.

टँकर होता म्हणजे दुष्काळ होता, हे सांगायला नकोच. ऊस वाळला, कारखान्याचा बॉयलर सलग दोन हंगाम थंड राहिला आणि सगळे फिटर घरी बसले. आमच्याकडे चार माणसं रिकामी बसली की एक सहकारी संस्था निघते, तशी दाजींच्या मोटारीची निघाली. अध्यक्ष चौसाळ्याचे एक वजनदार बागायतदार, सचिव स्वतः दाजी. पहिल्याच सभेत चौसाळ्याच्या दुकानदारानं टपावर कॅरिअर मागितलं, "मंजूर! मंजूर!" दुसऱ्यानं दुधाच्या दोन कॅनची जागा मागितली, "मंजूर!" तिसऱ्याला मागे ट्रॉली जोडायला हुक हवा होता, तोही मंजूर. दाजींनी सगळे ठराव सुवाच्य अक्षरात लिहून घेतले आणि एकही अमलात आणला नाही. जुन्या गाडीचं इंजिन घेतलं, पातळ नळ्यांचा सांगाडा जोडला, वर पत्रा ठोकला आणि वर्षभरात गाडी उभी केली. चार माणसांनी उचलून ओट्यावर ठेवावी इतकी हलकी.

उद्घाटनाला सभासद पाटीभर झेंडूचे हार आणि नारळ घेऊन आले. पूजा होताच दाजींनी गाडीवरचे हार उतरवून काट्यावर तोलले आणि अध्यक्षांना अदबीनं म्हणाले, "सायेब, वहाना हितंच ठिवा. किलोभर तरी हायेत." अध्यक्षांचा चेहरा पडला. पण पुढे अध्यक्षांना शेजारी बसवून दाजींनी घाटातल्या वळणांवर ती गाडी जशी नेली, ती मी कठड्यावर उभा राहून पाहिली आहे. एवढं सुंदर काही आमच्या घरातल्या माणसानं बनवलं होतं. अध्यक्ष अनवाणी उतरले, टोपी कुठे उडाली ते त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणाले, "लई भारी हाय. पन यात कडबा कुटं ठिवायचा?"

त्यांचंही चुकलं नव्हतं. गुरं दुष्काळी छावणीत बांधलेली होती. महिन्याभरात सभा भरली: संस्था गुंडाळावी, गाडी मोडून भंगारात द्यावी. ठराव वाचण्याचं काम सचिवाचं. दाजींनी तो खणखणीत आवाजात वाचला आणि इतक्या सभांच्या सवयीनं, सगळ्यांच्या आधी स्वतःच हात वर करून ओरडले, "मंजूर!" हात खाली येईपर्यंत आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं होतं. पण सचिवानं दिलेली संमती मागे घ्यायची कशी? इतिवृत्तातही त्यांनी ती स्वतःच्या हातानं लिहिली. नंतरचे तीन दिवस ते जेवले नाहीत. आक्कानं मला बोलावून घेतलं.

मी पोहोचलो तेव्हा भंगारवाला टेम्पो घेऊन दारात उभा होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, मागची बाजू एका हातानं सहज उचलून पाहिली, नळ्या बोटांनी वाजवल्या आणि वैतागून म्हणाला, "क्या मामू, यात लोखंड कुटं हाय? सगळी हवाच हाय की! टेम्पोचं डिझेल बी निगायचं न्हाई." आणि टेम्पो वळवू लागला. दाजींनी धावत जाऊन त्याचा हात धरला. मला वाटलं, आता विनवणी करतात. पण त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहरा लग्नातल्यासारखा फुलला होता. "आयकलं का पाव्हनं? हवाच म्हनला! आगं, ह्यांना जेवू घाल!" त्या दिवशी भंगारवाल्याला आग्रह करकरून पुरणपोळी वाढली गेली आणि त्याच्या पंगतीला बसून दाजीही जेवले. भंगारात जे खपत नाही त्याचं काय करायचं, हे संस्थेला कधीच ठरवता आलं नाही. गाडी दाजींच्या शेडमध्येच राहिली.

आता दाजींची नजर अधू झाली आहे. गाडी बाहेर काढायला आक्कानं मनाई केली आहे आणि तिचं ते कधी नव्हे ते ऐकतात. मी गेलो की आम्ही दोघं एकमेकांना धरून त्या बुटक्या गाडीत कसेबसे उतरतो. दाजी इंजिन सुरू करतात, पाठीशी ती ओळखीची थरथर येते आणि समोरच्या भिंतीकडे पाहत ते म्हणतात, "सांबाळा पाव्हनं, वळन आलं." हसू येतं. तरी दर वेळी मी दांडी घट्ट धरतो आणि त्यांच्याबरोबर कलतो.