कानडी अक्षरातली मराठी वही

आमच्या घरमालकीण अंबक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंगळुरात, कोरमंगलाला ऑफिसात होते. त्यांचा मुलगा सुरेश सांगत होता, दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत... आणि माझ्या तोंडून काय निघावं? "मग वही?" माणूस गेलंय आणि ही बाई वही विचारते. लाज वाटली, अजून वाटते. पण आता महिना उलटून गेला तरी खरं सांगायचं तर रडू कमी आणि वैताग जास्त येतोय, आणि त्याला कारण ती वहीच.

बनशंकरीला अक्कांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही अकरा वर्षं भाड्यानं राहतोय. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. बोलायचं मराठी, लिहायचं मात्र कानडी अक्षरात. वाण्याची यादी, लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी, सगळं मराठी आणि मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. "शिकून घे की, स्वल्प तर आहे," असं त्या पहिल्या आठवड्यापासून मागे लागलेल्या. मी आपली हो हो करायची. ऑफिसात हिंदी-इंग्रजीवर भागत होतं, या वयात कोण बसतंय गिरवत.

तीन वर्षांपूर्वी माझ्या हातात त्यांना एक आत्मचरित्र दिसलं. आईवेगळ्या, काकूच्या घरी राबत शिकलेल्या बाईचं. अक्का त्याला 'त्या पोरीचं पुस्तक' म्हणायच्या. देवनागरी त्यांना येत नसे, म्हणून रविवारी दारातल्या पायरीवर मी वाचायचं आणि त्यांनी अवरेच्या शेंगा सोलत ऐकायचं असं ठरलं. ऐकायचं कसलं, दर चार ओळींना "थांब, परत वाच." एक प्रकरण तीन रविवार पुरायचं. कंटाळून मी एकदा दोन पानं गाळली, तर लगेच पकडलं. आधी त्या पोरीला ताप होता आणि पुढच्या ओळीत ती विहिरीवर कशी, तिचा ताप कधी उतरला, हे मला सांगता येईना. मुकाट मागे जाऊन वाचलं.

शेवटी शेवटी ती बाई काकूला माफ करते. अक्कांनी शेंग सोलत विचारलं, "इतक्यात माफ केलं?"

आणि मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. आई गेल्यावर आठव्या वर्षी होसकोट्याला मामाकडे पाठवलं. चौथीतून नाव काढलं. मामी सगळ्यांचं झाल्यावर मागच्या दारात वाढायची आणि आतून कडी लावून घ्यायची. हे त्यांनी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. "ती पोर लाज न बाळगता सांगते," म्हणाल्या, "मग मी काय पाप केलंय?" दुसऱ्या दिवशी सुरेशला पिटाळून त्यांनी दोनशे पानी वही मागवली.

महिन्याभरानं मला पायरीवर बसवून पहिली पानं वाचून दाखवायला लागल्या. आणि मी, पुण्याची शहाणी, काय करावं? 'मी गेलते' म्हटलं की मध्येच, अक्का, 'गेले होते' म्हणा. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा त्यांनी वही मिटली. "सरी, पुरे," म्हणाल्या आणि सोलायच्या शेंगा ठेवलेलं सूप पुढ्यात ओढलं. त्यानंतर वहीचा विषय कधी निघाला नाही. मीही काढला नाही. माझ्यामुळे त्यांनी लिहिणं सोडलं, या विचारानं मला दोन वर्षं खाल्लंय. म्हणून तर फोनवर ते तोंडून गेलं.

तेराव्यानंतर सुरेश वही घेऊन वर आला. शेवटच्या पानापर्यंत भरलेली. मी म्हटलं, बसा, वाचून दाखवा. तर तो मान हलवायला लागला. आईनं आधीच बजावून ठेवलंय, वही वरच्या बाईला द्यायची, पण कुणी वाचून दाखवायची नाही, तिची तिनं वाचायची. मला असा संताप आला... जाताना सुद्धा या बाईनं मला शाळेत घातलं.

तेव्हापासून शिकतेय. बसच्या पाट्या, दुकानांचे फलक, सुरेशच्या मुलीची पहिलीची अंकलिपी. मात्रा कुठे संपते आणि अक्षर कुठे सुरू होतं, देव जाणे. पहिलं पान लावायला चार दिवस लागले. त्यात कडीचा आवाज आहे. पुढे धीर धरवेना म्हणून मी, सवय जाते कुठे, पानं गाळून थेट शेवटावर गेले.

शेवटच्या ओळी एकेक अक्षर जोडत, मोठ्यानं, त्याच पायरीवर बसून वाचल्या. "मामीला मी माफ केलं नाही, करणार बी नाही. पुण्याच्या पोरीला केलं. चौथीपर्यंत मी शिकलते, तिला अक्षर येत नाही."

नीट लागलंय की नाही कळेना. परत वाचलं. तेच होतं.

मग पान दोन उघडलं.