वाचणारी मी, अर्थ सांगणारे आबा

सातवीच्या फायनलच्या परीक्षेत मी दोनदा आपटले, आणि दोन्ही वेळा मराठीत. मराठीत! मामा म्हणाला, "आपलीच भाषा अन् तीच येत न्हाई? कमाल हाय पोरी तुझी." वाचन माझं खणखणीत होतं. उतारा घडाघडा वाचायचे, पण खालचे प्रश्न बघितले की डोकं रिकामं. आत्ता तर वाचलं होतं, मग गेलं कुठं मेलं?

पास झाले तर शाळेत मास्तरणीची नोकरी होती. नाही तर? आबांना, माझ्या वडलांना, लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, वाचाही बसली. आई आधीच गेलेली. चाकणजवळचं गाव सोडून आम्ही बापलेक दापोडीला मामाच्या एका खोलीत येऊन पडलो होतो. मामानं सरळ सांगितलं, "यंदा नापास झालीस तर तुला उजवायची अन् दाजींना गावाकडं चुलत्याकडं धाडायचं. मला तरी किती झेपणार?" त्याचंही खोटं नव्हतं. पण तो चुलता आबांना तहानेचं पाणी विचारणारा नव्हता. तिथं ते जगणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. रडून रडून माझे डोळे सुजायचे.

रोज संध्याकाळी मी आबांपुढं बसून पुस्तक मोठ्यानं वाचायचे. ते डाव्या हातानं जमिनीवर थाप मारायचे. मला वाटायचं चिडलेत, नाही तर कुठं दुखतंय. मी आवाज चढवायचे, तेही थाप चढवायचे. एके दिवशी मी पुस्तकच भिरकावलं. "काय पाहिजे तुम्हांला? वाचू का नको?"

आबांनी सरपटत पुस्तक गाठलं आणि माझ्याकडं ढकललं. मी एक वाक्य वाचलं, लगेच थाप. अगं बाई! गावी श्रावणात आमच्याकडं पोथी लागायची. ओवी मी वाचायची. आबांची थाप पडली की मी थांबायचं, मग ते लोकांना अर्थ सांगणार. अर्थ हे माझं कामच नव्हतं कधी. परीक्षेतही मी तशीच वाचत होते, अर्थ कुणीतरी सांगेल म्हणून. आणि सांगणाऱ्याची वाचा बसलेली.

तेव्हापासून थाप पडली की मी थांबायचे. स्वतःलाच विचारायचे, काय कळलं गं तुला? अन् कळलेलं आबांना सांगायचे. कित्येकदा काहीच कळलेलं नसायचं. तोंड वाचत होतं, मन भलतीकडंच. उगाच काहीतरी ठोकून दिलं तर आबा पुन्हा थाप मारायचे, पुढं जाऊच द्यायचे नाहीत. खरा अर्थ सांगितला की मगच त्यांचा हात थांबायचा. जीव मेटाकुटीला यायचा.

परीक्षेत उतारा वाचताना बाकावर माझीच थाप पडत होती. देखरेखीच्या बाई डाफरल्या, "हात आवर!"

निकालाच्या दिवशी मी धापा टाकत खोलीत शिरले. "आबा, पास झाले!"

थाप पडली.

"म्हंजे नोकरी लागंल मला."

पुन्हा थाप.

"म्हंजे तुम्हांला गावाकडं जायचं न्हाई, आबा. माझ्यापाशीच ऱ्हायचं."

मी थांबले. या खेपेला थाप पडली नाही. त्याच हातानं आबांनी डोळे पुसले.