आठ तासांचं आठ तास बघणारे मामा

लोहाऱ्याच्या स्टँडवर भरत आलेली जीप सोडून देणारा मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे आमचे लॅबमामा. ड्रायव्हर नवा असला की ते बसतच नसत. "आधी ह्याला वळताना बघू द्या," म्हणायचे आणि पुढच्या जीपची वाट बघत उभे राहायचे. तरी कॉलेजात सगळ्यांच्या आधी तेच हजर, कारण घरूनच तासभर लवकर निघालेले असत.

मामा जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतले परिचर. गालाच्या आतून काडीनं पेशी खरवडायच्या, काचपट्टीवर हिरवट रंगाचा थेंब टाकायचा, की पेशीतले मायटोकॉन्ड्रिया दिसतात, असा आमचा प्रयोग. पुस्तकात त्यांना पेशीचं वीजघर म्हणतात. भारनियमन असलं की मामा सूक्ष्मदर्शक खिडकीशी नेत आणि म्हणत, "गावात लाईट न्हाय, पन पोरी, तुज्या गालात वीजघर हाय!"

रंग मात्र ते इतका फिका करून देत की आमची चिडचिड व्हायची.

"मामा, काहीच दिसत नाही!"

"दिसंल की. रंग जास्त झाला की ते मरतंय. मेल्यावर काय, समदेच चांगले दिसत्यात."

पुढे मी पुण्यात पीएचडीला लागले आणि विषय मिळाला तोच: जिवंत पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांमध्ये तासन्‌तास चमकत राहील, पण त्यांना इजा करणार नाही, असा रंग. चार वर्षांनी जमला. दर मिनिटाला एक फोटो, असं आठ तासांचं चित्रण वीस सेकंदांत पळवलं की मायटोकॉन्ड्रियांचे चमकते धागे झकास नाचायचे. सोमवारी शोधनिबंध पाठवायचा होता. शनिवारी मामांची निवृत्ती, म्हणून मिरवायला लॅपटॉप घेऊन सकाळीच कॉलेजच्या लॅबमध्ये गेले.

वीस सेकंद बघून मामा म्हणाले, "हे पळवलंयस व्हय? न्हाय पटत. आठ तासाचं आठ तास दाव."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण सकाळी नऊला स्टूल ओढून बसले ते बसलेच. मिनिटाला एक फोटो सरकायचा आणि मामा मान डोलवायचे. डबाही तिथंच उघडला. दुपारी तीनला त्यांचा सत्कार होता. प्राचार्यांनी दोनदा बोलावणं धाडलं.

"मी उठलो तर ह्यांच्याकडं कोन बघंल?" मामांचा सवाल.

शेवटी प्राचार्यच शाल घेऊन लॅबमध्ये आले. मामांनी नजर न हलवता ती खांद्यावर घेतली.

चारच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली. "पोरी, हे धागे तुटाय लागल्यात. बारीक बारीक गोळे झाल्यात बघ. मेलं न्हाय, पन बरं बी न्हाय."

खरंच होतं. पळवलेल्या चित्रात सगळंच नाचत असल्यामुळे शेवटचे ते तुकडेही मला नाचच वाटले होते. माझा रंग सातव्या तासाला पेशींना बाधत होता, आणि निबंधात मी ठणकावून लिहिलं होतं, 'कोणतीही इजा नाही.'

मला मामांचा इतका राग आला की एसटीत तुळजापूरपर्यंत मी धुमसत होते. सोमवारी निबंध पाठवला मात्र नाही. रंगाचं प्रमाण कमी करत करत आणखी सव्वा वर्ष गेलं. त्यातच एका सकाळी मामा गेल्याचा निरोप आला. त्यांच्यावर रागावले होते, हे त्यांना कधी सांगितलं नाही; त्यांचे उपकार झाले, हेही सांगायचं राहिलं.

नवं चित्रण तयार झालं, तेव्हा सकाळी नऊला मीच स्टूल ओढलं. संध्याकाळी पाचला शेवटचा फोटो सरकला आणि मला रडू कोसळलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी धावत आला.

"काय झालं? मेल्या का पेशी?"

"नाही रे," मी म्हटलं. "सगळ्या जिवंत आहेत."