एकविसाव्या दिवसापासून

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, देवापाशी तर मुळीच नाही — त्याच्यापुढे हात जोडले की मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागून घेते, म्हणजे हा विषय निघायला नको. तुम्हाला सांगते आहे ते एवढ्यासाठीच, की तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही.

माझं नाव रेखा. राहते चिंचपोकळीला, नोकरी परळला — जुन्या गिरणीच्या जागेवर जो काचेचा टॉवर उभा राहिलाय, त्याच्या नवव्या मजल्यावर. विम्याच्या अर्जांची कागदपत्रं तपासायची. एकोणीस वर्षं तेच. त्यातली पहिली सोळा वर्षं मला तिथे कुणी नावाने हाक मारली असेल तर ती फाइल हवी म्हणून. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये हं. मग कशासाठी सांगतेय? — माहीत नाही. जाऊ दे.

तीन वर्षांपूर्वी पित्ताने मला हैराण केलं होतं. कुणीतरी म्हणालं, शिजवलेलं बंद कर, सगळं कच्चं खा. मोड आलेले मूग, काकडी, गाजर, ओलं खोबरं, फळं, भिजवलेले शेंगदाणे. गॅसवर चढलेलं काही म्हणजे काही खायचं नाही. मी धरलं. पहाटे पाणी आलं की उठायचं, नवऱ्याची पोळीभाजी करायची, आणि मग स्वतःसाठी गाजर किसत बसायचं. मटकी ओल्या फडक्यात बांधून खिडकीच्या गजाला टांगलेली. दुपारी ऑफिसात सगळ्यांचे डबे उघडले की बटाट्याच्या भाजीचा, सुक्या जवळ्याचा वास सुटायचा, आणि मी आपली कच्चा कोबी चावत बसलेय, शेळीसारखी. सगळे हसायचे. पण कौतुकाने हसायचे, हे माझ्या फार लवकर लक्षात आलं.

पाण्याच्या मशीनशेजारी एक पांढरा फळा आहे. एक दिवस त्यावर कुणीतरी लिहिलं — रेखाताई, दिवस आठवा. मग रोज कुणी ना कुणी आकडा बदलू लागलं. नऊ, दहा, अकरा. ज्यांनी कधी मान वर करून बघितलं नव्हतं ते मला थांबवून विचारायचे, काय खाल्लं, भूक लागत नाही का, चेहरा किती उजळलाय. मला आवडायला लागलं. नाही, आवडायला लागलं म्हणजे थोडकं झालं — मला त्याची चटक लागली.

विसाव्या दिवशी संध्याकाळी मी घोडपदेवला आईकडे गेले. आई एकटी राहते, तिला बघून मग घरी जायचं असा माझा नेम. त्या दिवशी डोकं गरगरत होतं. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं, भात नुकताच उतरवलेला. 'जेवतंस काय गो?' एवढंच तिने विचारलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि तीनदा भात घेतला. जेवता जेवता रडले, इतकं बरं वाटलं. आईला वाटलं तिखट लागलं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवूनच गेले होते, की सांगून टाकायचं. बाबांनो, नाही झेपलं, विसातच आटोपलं. त्यात काय एवढं? मला कोण फासावर देणार होतं? पण फळ्यापुढे शैलाताई मार्कर घेऊन उभ्या होत्या. 'एकवीस ना गं?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, 'एकवीस.'

तिथून पुढे सगळं खोटं आहे.

ऑफिसात डबा कच्चा, संध्याकाळी आईकडे पोटभर जेवण. रोज. आईला माझं ऑफिसातलं नाटक ठाऊक नव्हतं, नवऱ्याला आईकडचं जेवण ठाऊक नव्हतं. घरी मी केळं खाऊन झोपायचे आणि तो शेजाऱ्यांना सांगायचा, आमच्या हिचा निग्रह बघा. निग्रह कसला, डोंबल! जेवून झालं की मी बोटं लिंबाने घासायचे, केसांना वास लागू नये म्हणून डोक्याला ओढणी गुंडाळून बसायचे. एकदा घोडपदेवच्या नाक्यावर ऑफिसातला एक जण दिसला, तर मी सरळ पिठाच्या गिरणीत शिरले. गिरणीवाला विचारतोय दळण कुठाय, आणि माझ्या हातात काही नाही. पंधरा मिनिटं मी तिथे पिठात उभी. आई जवळ राहते, आईला भेटायला आले होते, एवढं साधं उत्तर होतं. पण चोराला ते सुचत नाही हो.

शंभराव्या दिवशी ऑफिसने कलिंगडाचा केक कापला. मला चाळीस मिनिटं बोलायला लावलं — नोकरी सांभाळून कच्चा आहार कसा करावा. मी बोलले! मोड कधी आणायचे, मीटिंग असली तर पर्समध्ये काय ठेवायचं, भुकेच्या वेळी मन कसं मारायचं. मन मारायचं, असं मी म्हटलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आदल्या संध्याकाळची कोळंबी अजून माझ्या पोटात असेल. आजार असेल तर डॉक्टरांना विचारा, हेही म्हटलं होतं मी, कारण पडद्यावर तशी ओळ दाखवायची ऑफिसची सक्ती होती. एकदाच म्हटलं, भरभर.

आता शैलाताईंबद्दल सांगायला हवं. इतका वेळ मी तेच टाळतेय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

शैलाताई माझ्या शेजारच्या टेबलावर. लालबागला राहतात, नवरा गेलेला, एकच मुलगी मानसी, ती जावयासह त्यांच्यापाशीच. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. साखरेचा आजार जुना, दोन्ही वेळच्या गोळ्या. त्या कधी कुणाला दुखवायच्या नाहीत, आणि एखाद्यावर विश्वास टाकला की पुन्हा तपासून बघायच्या नाहीत. माझं भाषण ऐकून त्या म्हणाल्या, मीही करते, गुडघ्यांना आराम पडेल. तुझ्यासारखंच करते.

मी थांबवायला हवं होतं. पण काय म्हणून थांबवणार? तुम्ही करू नका म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तू करतेस ना? म्हणून मी त्यांना मूग कसे भिजवायचे ते शिकवलं. वहीत लिहून दिलं. त्या ती वही पर्समध्ये घेऊन फिरायच्या, आणि त्यातलं एक अक्षर मोडायच्या नाहीत. घरी सगळ्यांसाठी स्वयंपाक करायच्या, वाढायच्या, आणि स्वतः काकडी घेऊन बसायच्या. गोळ्यांचं एकदा विचारलं त्यांनी — खाणं एवढं बदललं तर गोळ्या तेवढ्याच घ्यायच्या का गं? मी म्हटलं, गोळ्यांतलं मला काही कळत नाही. हे खरं होतं. एवढ्या सगळ्यात माझ्या तोंडून खरं निघालं ते एवढंच. डॉक्टरांकडे चला, मी येते सोबत, हे काही निघालं नाही.

दुसऱ्या महिन्यात त्या वाळायला लागल्या. गालांची हाडं दिसायला लागली. ऑफिसात सगळे म्हणायचे, वा शैलाताई! मी म्हणायचे नाही, पण बघायचे. त्यांना दुपारी घाम फुटायचा, एसीत. मी बघायचे आणि नजर फायलीत घालायचे.

आणि मग तो फोन. मी आईकडे जेवायला बसले होते. भात, सोलकढी, तळलेला बोंबील. फोन वाजला, शैलाताई. 'रेखा, हात थरथरतात गं. सगळं गोल फिरतं. तुलाही झालं होतं का असं?'

तोंडात घास होता. तो मी गिळला, आवाज होऊ न देता. आणि म्हटलं, 'हो ताई, दुसऱ्या महिन्यात होतं तसं. आपोआप जातं.'

दुसरा महिना! मला तीन आठवडे धड काढता आले नव्हते. मी दुसऱ्या महिन्याची थाप कुठून मारली? का मारली? तो घास मी ताटात काढून ठेवला असता, आणि म्हटलं असतं, ताई, आधी साखर खा, मी लबाड आहे — किती शब्द झाले? पण मला भीती वाटली. त्यांचं काय होईल याची नाही, हेच तर सांगायचंय तुम्हाला. माझं काय होईल याची. उद्या फळ्यापुढे मी कोणत्या तोंडाने उभी राहीन याची.

चार दिवसांनी त्या ऑफिसात कोसळल्या. माझ्याच खुर्चीला धरायला गेल्या आणि खुर्चीसकट खाली. डोळे अर्धे उघडे, ओठ पांढरे. मी ओरडले नाही की हलले नाही, दुसऱ्यांनीच धावपळ केली. जवळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर फार खाली गेली होती, गोळ्या पूर्ण आणि पोटात काही नाही, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. वेळेवर पोळी, भाजी, भात खायचा, ही कच्च्याची थेरं बंद.

मानसी मला बाहेर पॅसेजमध्ये भेटली. तिशीची मुलगी, रडून डोळे सुजलेले. 'मावशी, तुम्हीही हेच खाता ना? तुम्हाला काहीच होत नाही?'

पॅसेजमध्ये आम्ही दोघीच होतो. एवढी सोय देवाने कुणाला करून दिली असेल? मी तिच्या चपलांकडे बघितलं आणि म्हटलं, नाही गं, मला तर उलट बरंच वाटतं.

त्या वाक्याचं पुढे काय झालं ते ऐका. ऑफिसात लोक बोलू लागले, की रेखाला काही होत नाही म्हणजे शैलाताईच पथ्य मोडत असणार, वय झालं की जीभ आवरत नाही. माझ्यासमोर बोलायचे. आणि शैलाताई — घरी आल्यावर पंधरा दिवस नीट जेवल्या, गोळ्याही डॉक्टरांनी बदलून दिल्या, आणि मग हळूच पुन्हा मुगावर आल्या. मानसीने भांडून बघितलं. त्या म्हणाल्या, रेखाला जमतं तर मला का नाही? मी नीट करत नसेन. हे मानसीनेच मला फोनवर सांगितलं, आणि म्हणाली, मावशी, तुम्ही जरा समजावा ना, तुमचंच ऐकेल ती. मी हो म्हटलं. समजावलं नाही. काय सांगून समजावणार होते? समजावण्यासारखी एकच गोष्ट माझ्याकडे होती.

महिन्याभरात त्या चाळीच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना चक्कर येऊन पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, नीटसं झालं नाही. नोकरी दोन वर्षं आधीच सुटली. आता खाटेवरून मोरीपर्यंत जायचं तरी मानसीचा हात लागतो, आणि अंगात ताकद नाही म्हणून दर थोड्या दिवसांनी काहीतरी नवं दुखणं निघतं. मानसीचा फोन आला की मी नाव वाचते आणि चार रिंग जाऊ देते. प्रत्येक वेळी वाटतं, तीच बातमी असणार.

माझ्या डब्यात अजून काकडी असते. हो, अजून.

त्यांना भेटायला मी एकदाच गेले. रविवार होता, सकाळची वेळ. मानसी पाणी घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. शैलाताईंनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात चिमणीएवढा झाला होता. मला वाटलं, आता विचारतील. मला वाटलं, बरं होईल विचारलं तर. पण त्या खाली बघत होत्या, मुलीसमोर लाज वाटावी तशा.

म्हणाल्या, 'तुला एक सांगायचं राहिलं होतं. मध्ये मानसीच्या सासूबाई आल्या होत्या, तेव्हा वरणात मीठ आहे का बघायला मी चमचाभर चाखलं होतं. सवयीने गेला गं हात. दोनदा झालं तसं. त्यानेच बिघडलं असेल का?'

मानसी माझ्याकडे बघत होती. शैलाताईही.

मी म्हटलं, 'असेल, ताई. तेवढंही चालत नाही.'

त्यांनी मान हलवली. सुटल्यासारख्या झाल्या. मुलीला म्हणाल्या, बघ, मी म्हटलं नव्हतं, माझंच चुकलं. मानसीने आईकडे बघितलं — इतक्या रागाने मी तिला कधी बघताना पाहिलं नव्हतं — आणि पाण्याचा पेला उचलून आत गेली. मी शैलाताईंच्या हातातून हात सोडवला, आणि दहा वाजता आईकडे पोचायचंय, असं म्हणून उठले.