सर्व्हिसिंगचे दोन तास

मला एका जागी बसवत नाही. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. जेवताना माझा एक पाय टेबलाखाली हलत असतो. बँकेत टोकन घेऊन बसलो की कॅशियरला एका गिऱ्हाइकामागे किती मिनिटं लागतात ते मी मोजायला लागतो. घरी कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये किती वेळ गेला हे मी बायकोला एकदाच सांगितलं होतं, त्यानंतर स्वयंपाकघरात यायची मला बंदी झाली. "घड्याळ आंघोळीले तरी काढत जा," असं ती अजूनही म्हणते.

याला माझी नोकरी जबाबदार आहे. वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून भिलाईला आले आणि स्टील प्लांटमध्ये लागले. मला तिथे जागा मिळाली नाही. मी खासगी कारखान्यांत नोकऱ्या केल्या, एक सोडून दुसरी, पण काम सगळीकडे तेच. कामगाराच्या बाजूला स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं आणि त्याचं काम किती मिनिटांत व्हायला हवं ते कागदावर लिहायचं. त्या कागदावरून तिथे किती माणसं ठेवायची ते ठरायचं. मी येताना दिसलो की लोक खोकून एकमेकांना इशारा करायचे. मला त्याचं काही वाटत नसे. उलट मजा यायची.

रिटायरमेंटला वर्ष राहिलं तेव्हा मात्र मला झोप लागेनाशी झाली. आपण आयुष्यभर लोकांचे तास मोजले, ते बरोबर मोजले का, हा प्रश्न मनात शिरला आणि तिथेच ठाण मांडून बसला. कोणाला विचारणार? ज्या साहेबांनी माझे कागद मंजूर केले ते कधीच आपापल्या गावी निघून गेले होते. मग मी जे दिसेल ते मोजत सुटलो. न्हावी, इस्त्रीवाला, पोळ्या लाटणारी बाई. प्रत्येक वेळी माझा अंदाज बरोबर निघाला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

त्यातच गाडीच्या सर्व्हिसिंगचं प्रकरण सुरू झालं.

गाडी म्हणजे माझी मोटरसायकल, जुनी, बारा वर्षांची, कार्बोरेटरवाली. आधी मी ती कंपनीच्या शोरूममध्ये न्यायचो. तिथे काउंटरवर गाडी घेतात, आपल्याला एसीत बसवतात आणि कामाची जागा काचेच्या पलीकडे ठेवतात, म्हणजे काही दिसू नये. तीन तासांनी गाडी धुऊन पुसून समोर आली आणि बिलावर लेबरचा आकडा छापलेला होता. मी विचारलं, यातली किती मिनिटं काम झालं? काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, सिस्टम में यही आता है." मी तिच्याशी अर्धा तास भांडलो. बिचारीचा काय दोष होता, पण त्या दिवशी तोंड आवरलं नाही. तिथे परत जायची सोय राहिली नाही.

मग कोणीतरी स्मृती नगरच्या पुढचा एक मेकॅनिक सांगितला. रस्त्याच्या कडेला टिनाचं शेड, एकटाच माणूस, पंचेचाळीसच्या आसपासचा. पहिल्याच दिवशी त्याच्या हिंदीवरून मी ओळखलं की हा आपल्याकडचा. विचारलं तर गोंदियाकडचा निघाला, आणि आम्ही मराठीवर आलो. बाकी गिऱ्हाइकांना तो भैया म्हणायचा, मला साहेब. मला ते आवडलं. का म्हणतो, हे मी कधी विचारलं नाही.

त्याचा हात चांगला होता, पण वेळ! सकाळी नऊला गाडी दिली की "चार वाजता या" म्हणायचा. मी हिशेब केला होता, माझ्या गाडीच्या पूर्ण सर्व्हिसिंगला दोन तास पुरतात. ऑइल बदलणं, फिल्टर आणि प्लग साफ करणं, कार्बोरेटर खोलणं, ब्रेक, चेन आणि टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट जुळवणं. दोन तास म्हणजे सढळ हाताने दिलेले दोन तास. आणि हा बाबा आख्खा दिवस घेतो आणि मजुरी साडेतीनशे मागतो. साडेतीनशे मला जड नव्हते. मला फक्त त्याच्या तोंडून कबूल करून घ्यायचं होतं की दोन तास पुरतात. तो हात काळे करून काम करणारा माणूस. त्याने हो म्हटलं असतं तर माझ्या बाकीच्या कागदांवरही सही झाली असती, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं.

मार्चमधला रविवार होता. मी मोहन नगरच्या घरून निघायला लागलो तेव्हा बायको दारात आली.

"गाडी देऊन रिक्शानं वापस या. तिथं त्याच्या डोक्यावर बसू नका."

"मी फक्त पाहणार आहे."

"तुमचं पाहणं मले मालूम हाये," ती म्हणाली.

मी तिथे पोहोचलो, गाडी दिली आणि शेडखालच्या बाकावर बसलो. मेकॅनिकने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खिशातून लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट आणि पेन काढलं, तेही त्याने पाहिलं. मग गाडी स्टँडवर घेतली.

गरम इंजिनचं ऑइल त्याने आधी काढून घेतलं. नट सोडला, खाली डबा लावला आणि उठून चहा सांगायला गेला. मी लिहिलं, चहा, अकरा मिनिटं. परत येऊन त्याने प्लग काढला, तारेच्या ब्रशने घासला, उजेडात धरून पाहिला. सहा मिनिटं, काम. मग एक बाई स्कूटर घेऊन आली, तिची स्कूटर सुरू होत नव्हती, तिच्याकडे वीस मिनिटं. मग मागचं चाक खोलून ब्रेक साफ केला, ते काम. मग फोन. फोनवर तो कोणाला तरी मुलीच्या फीबद्दल सांगत होता. मी लिहिलं, फोन, नऊ. मला दोनदा उठून रस्त्यापर्यंत जाऊन यावं लागलं, बाक टोचत होता. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "बसा न साहेब, गाडी कुठी पळून नाई चालली."

मला राग आला. पण सगळ्यांत जास्त राग मला पुढच्या गोष्टीचा आला. चेन झाली, कार्बोरेटर झाला, नवं ऑइल भरून त्याने गाडी एक चक्कर फिरवूनही आणली, आता फक्त टॅपेट राहिले होते. आणि त्याने इंजिनवर पालथा हात ठेवून पाहिला आणि दुसऱ्याच गाडीचं पंक्चर काढायला बसला. माझी गाडी तशीच स्टँडवर उभी. पाच मिनिटं, दहा, वीस. पंक्चर झालं, तरी तो माझ्या गाडीकडे येईना. परत हात ठेवून पाहिलं आणि पाणी प्यायला गेला. मी पाकिटावर "रिकामा वेळ" असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. अठ्ठेचाळीस मिनिटांनी त्याने टॅपेटला हात लावला आणि पंधरा मिनिटांत काम संपवलं.

दुपारचे दोन वाजले होते. माझा हिशेब तयार होता. काम एक तास पन्नास मिनिटं. मी म्हटलं होतं दोन तास, दहा मिनिटं उलट वाचली होती. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. मी पाकीट त्याच्यापुढे धरलं.

"भाऊ, हे पहा. राग मानू नका. तुमचं काम आहे दोन तासांचं. दिवसभर गाडी अडकवून ठेवता, बाकी सगळा वेळ रिकामा जातो. मग मजुरी कशी लावायची, तुम्हीच सांगा."

त्याने आधी चिंधीने हात पुसले, नीट, एकेक बोट. मग पाकीट घेतलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. त्याला हसू येईल किंवा तो चिडेल अशी मी तयारी ठेवली होती. दोन्ही झालं नाही.

"हे अट्ठेचाळीस मिनिटं कायचे?" त्याने विचारलं.

"गाडी नुसती उभी होती."

"उभी नोती साहेब. थंडी होऊन राहिली होती. टॅपेटचा गॅप थंड्या इंजिनवरच पाहा लागते. गरम असतानी सेट केला तं मंग बरोबर नाई राहत. महिन्याभरात गाडी आवाज करते, अन् तुमी मलेच बोलान."

मी इंजिनियर माणूस. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, कॉलेजात कदाचित परीक्षेतही लिहिलं असेल. मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "ठीक आहे. पण त्या वेळात तुम्ही काम करत नव्हता ना? मग त्याचे पैसे कशाचे?"

"म्या घंट्याचे पैसे कवा मांगतले? गाडी बरोबर करून द्याचे मांगतो," तो म्हणाला. मग पाकिटावरच्या त्या दोन रेघांकडे त्याने बोट केलं. "गाडीले थंडं व्हाले पाऊण घंटा लागते साहेब. आमाले तं तुमी पाच मिनिटं देल्ली होती."

मला कळलं नाही. मी विचारलं, कोणाला? कधी?

त्याने सांगितलं. जामुलच्या रस्त्याला लोखंड ओतायची एक फाउंड्री होती, आता ती बंद पडली आहे. बावीस वर्षांपूर्वी मी तिथे दीड वर्ष होतो. वाळूच्या पेटीतून गरम कास्टिंग ओढून बाहेर काढायचं, असं तिथलं एक काम होतं. आठ जण होते. तासभर ओढलं की ते ओले गमछे डोक्यावर घेऊन बाहेर भिंतीच्या सावलीत उभे राहायचे. मी तीन दिवस तिथे स्टॉपवॉच घेऊन उभा होतो, दाराजवळ, पंख्याखाली. त्यांचं ते उभं राहणं मी रिकाम्या वेळाच्या रकान्यात टाकलं आणि तासाला पाच मिनिटं विश्रांती पुरेशी आहे असं लिहिलं. आठाचे सहा झाले. साहेबांनी माझी पाठ थोपटली होती, त्या वर्षी पगारही वाढला होता. एवढं सगळं मला आठवलं. चेहरा मात्र आठांपैकी एकाचाही आठवला नाही.

"दोघं कमी केले, त्यातला एक मी," तो म्हणाला. "मंग गाड्याचं काम शिकलो."

"तुम्ही मला पहिल्या दिवशीच ओळखलं?"

"हो."

"मग बोलला का नाही?"

"बोलून का होते?"

मी सफाई द्यायला लागलो. म्हणालो, मी फक्त कागद लिहिला, माणसं मॅनेजरने काढली, मला तुमचं नावसुद्धा माहीत नव्हतं. हे शेवटचं बोलताना माझं मलाच ऐकवेना.

"कागद तं तुमचाच होता न," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं, भांडायची मला सवय आहे.

मला लाज वाटली. अशी लाज की उठून चालायला लागावंसं वाटेल, पण माझी गाडी तिथे होती आणि चावी त्याच्या हातात. मी खिशातून पाचशेची नोट काढली आणि म्हणालो, राहू द्या. त्याने ती घेतली, पत्र्याच्या डब्यात हात घालून दीडशे मोजले आणि माझ्या हातावर ठेवले. चावी दिली. पाकीट अजून त्याच्याच हातात होतं. तेही त्याने घडी घालून परत केलं.

मला निघायला हवं होतं. मी गाडीवर बसलोसुद्धा. पण तसंच घरी गेलो असतो तर पुढची सगळी वर्षं तोच प्रश्न घेऊन येरझारा घालत राहिलो असतो. मी उतरलो.

"भाऊ," मी विचारलं, "तेव्हा किती मिनिटं द्यायला हवी होती?"

त्याने हातात घेतलेला पाना खाली ठेवला. खरंच विचार करत होता, ओठ हलवून काहीतरी मोजत होता, जणू ते काम त्याला उद्या सकाळी परत करायचं होतं. मीही उभा राहिलो, आणि त्याला किती वेळ लागतोय ते मोजलं नाही.

"पंधरा," तो शेवटी म्हणाला. "पंधरा मिनिटं भेटले असते तं सहा जणांतही चालून गेलं असतं. तवा विचारलं असतं तं तवाच सांगतलं असतं, साहेब. तुमी तं तीन दिवस आमच्या बाजूलेच उभे होते."