उजव्या कुशीवर हात

कोरेगावच्या जनावरांच्या बाजारात नानासोइतका जाणता हात कुणाचा नव्हता, आणि नानासोइतका वैतागही कुणी आणत नसे. गाभण म्हशीचा सौदा असला की लोक त्यालाच बोलवायचे. तो जनावराच्या उजव्या कुशीला, खालच्या अंगाला मूठ दाबून धरायचा आणि आतलं रेडकू जितं आहे का, कितव्या महिन्याचं आहे, ते सांगायचा. पण लगेच सांगेल तर शपथ! हात ठेवला की पहिला शब्द, "थांबा जरा."

जरा म्हणजे किती? कधी अर्धा तास, कधी तासभर. भर बाजारात एवढा दम कुणाला? विकणारा चुळबुळायचा, घेणारा दुसऱ्या दावणीकडं बघायला लागायचा. मग नानासो पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसायचा. व्यायला दोन-तीन महिने असतात तेव्हापासून जनावराचं पोट आतनं मधूनमधून आवळतं. त्या कळा नव्हेत, म्हैस खुशाल वैरण खात असते. पाच-दहा मिनिटं आवळून राहतं, मग सैल पडतं. आवळलं की आतलं रेडकू गप्प होतं, सैल पडलं की सावकाश पाय झाडतं. तेव्हा गप्प आहे म्हणून मेलं म्हणू नका, बाबांनो! एवढी साधी गोष्ट, पण कुणाच्या डोक्यात शिरेल तर ना. "नानासोचं पुराण लागलं," म्हणत लोक चहाला निघून जायचे आणि तो तिथंच हात धरून तणतणत उभा.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी, नवा नवा लौकिक डोक्यात गेलेला असताना, त्यानं एका म्हाताऱ्याच्या म्हशीला हात लावला. आत काही हललं नाही. चारचौघांत ऐटीत सांगून मोकळा झाला, "रेडकू मेलंय." म्हैस कापायला गेली. दुसऱ्या दिवशी कापणाराच त्याला गाठून म्हणाला, "पोटातलं जितं हुतं की रं गड्या. हालत हुतं." नानासो दोन दिवस जेवला नाही. त्यानंतर सहा-सात वर्षं तो घरच्या आणि शेजारच्या गाभण म्हशींपाशी तासन्‌तास हात लावून बसला, तेव्हा कुठं ही गोष्ट त्याच्या हाताला कळली.

त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचा, चंद्राबाईचा निरोप आला, असशील तसा निघून ये. तिचा नवरा लढाईवर गेलेला, घरात थोरल्या दिराची, दादासोची सत्ता. त्या घरात चंद्राबाईचं म्हणावं असं एकच होतं, माहेरनं दिलेली म्हैस. ती आठव्या महिन्यात होती. तीन दिवसांपूर्वी ओढ्यात घसरून पडली आणि तेव्हापासून रेडकू हललं नाही. दादासोनं ठरवून टाकलं, मेलेलं रेडकू आत सडणार, म्हैसही हातची जाणार, त्यापेक्षा आत्ताच कापायला द्यावी. नानासो दोन कोस चालत पोचला, तर व्यापारी दावं घेऊन अंगणात हजर!

"बघा की पावणं, काय बी हालत न्हाई," म्हणत दादासो म्हशीच्या डाव्या अंगाला बुक्क्या मारत होता.

"आवं, तिकडं वैरण असती! रेडकू हिकडं, उजवीकडं," नानासो ओरडला आणि पुढं होऊन त्यानं मूठ लावली. पोट घट्ट आवळलेलं. पडल्याच्या धसक्यानं ते घडीघडीला आवळत असणार, हे त्यानं ओळखलं. "थांबा जरा. कुनी हात लावू नका तिला."

कसलं काय! व्यापारी म्हणाला, मला पुढच्या गावाला जायचंय. दादासो म्हणाला, तीन दिस काय कमी थांबलो? कुणीतरी म्हशीला उठवून फिरवायचा सल्ला दिला. नानासोच्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्यानं हात काढला नाही. बऱ्याच वेळानं पोट सैल पडलं आणि मुठीला आतनं हलकी ढुशी लागली.

"हाललं! या, हात लावा!"

दादासो धावत आला आणि त्यानं असा धसमुसळा हात घातला की म्हैस दचकून उभी राहिली. पोट पुन्हा घट्ट. आत सगळं शांत.

"कुटं हाललं? भनीसाटी खोटं बोलताय व्हय?"

खोटं! वीस वर्षं घसा कोरडा केला त्याचं हे फळ. व्यापाऱ्यानं हसत म्हशीच्या गळ्यात दावं टाकलं.

चंद्राबाई तोवर दाराआड उभी होती. थोरल्या दिरासमोर ती कधी मान वर करून बोललेली नव्हती. ती तरातरा अंगणात आली, भर माणसांत तिनं दादासोचं मनगट धरलं आणि त्याचा पंजा म्हशीच्या उजव्या कुशीवर दाबून धरला.

"ऱ्हाऊ द्या आता हात हितंच," ती म्हणाली.

भावजयीनं दिराचा हात धरलेला! दादासो लाजेनं लालबुंद झाला, पण हिसका मारावा तर बाईशी झटापट केल्यासारखं दिसलं असतं. बिचारा मान खाली घालून उभा राहिला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. म्हैस खाली बसली, तसा तोही वाकून शेणात बसला, कारण चंद्राबाई मनगट सोडीना. व्यापारी कंटाळून पायरीवर टेकला. म्हैस रवंथ करायला लागली.

आणि दादासो एकदम किंचाळला, "आयला! लाथ मारली!" मग दुसरी बसली, तिसरी बसली. शेवटची तर चांगली दणदणीत, बघणाऱ्यांना कूस हललेली दिसली.

चंद्राबाईनं मनगट सोडलं आणि म्हशीच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायला लागली. व्यापाऱ्यानं मुकाट्यानं आपलं दावं काढून घेतलं. दादासो हात धोतराला पुसत उठला.

"आता आमाला काय म्हाईत, पावणं," तो पुटपुटला.

"म्हाईत न्हवतं," नानासोचा आवाज फाटला, "म्हनूनच थांबा म्हनत हुतो की!"